सेकंद काटा टिकटिकतो की सरकतो? गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

जळगावात लग्नसराई सुरू झाली की आमच्या काउंटरवर दोन प्रकारची माणसं येतात. काहींना आजोबांचं एचएमटी पुन्हा चालू करून हवं असतं. काहींच्या हातात नातेवाइकाने दुबईहून आणलेलं भारी घड्याळ असतं आणि खालच्या आवाजात एकच विचारायचं असतं, ‘भाऊ, असली शे ना?’ दोघंही आधी सेकंद काट्याकडे बोट दाखवतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली.

सेलचं घड्याळ टिकटिक करतं आणि भारी घड्याळाचा काटा सरकतो, हे खरं का?

निम्मं खरं आहे.

सेलच्या, म्हणजे क्वार्ट्झ घड्याळात एक बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो. आतली चिप हेच करते आणि सेकंदाला एकदा छोट्या मोटरला धक्का देते. काटा एक घर पुढे जातो आणि थांबतो. सेल वाचवण्यासाठी केलेली ही सोय आहे. मोटर सेकंदाला एकदाच फिरली तर बटणाएवढ्या सेलवर घड्याळ दोन-तीन वर्षं सहज चालतं.

चावीच्या किंवा ऑटोमॅटिक (हात हलला की आपोआप चावी भरणाऱ्या) घड्याळाचा काटा सरकल्यासारखा दिसतो खरा, पण सरकत नाही. तोही टिकटिकतोच, फक्त भराभर. आपल्याकडे ठिबक सगळ्यांनी पाहिलंय. ड्रिपरमधून सावकाश पडणारा थेंब मोजता येतो. तोच सेकंदाला आठ वेळा पडू लागला तर लांबून पाहणाऱ्याला धारच वाटेल. पाईपाजवळ बसणाऱ्याला कळतं की ते थेंबच आहेत.

म्हणजे रोलेक्सचा काटासुद्धा टिकटिकतो?

हो. हल्लीच्या बहुतेक रोलेक्स मशिनी तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. काटा दर सेकंदाला आठ वेळा पुढे सरकतो आणि आठ वेळा थांबतो.

मग ते डोळ्याला का जाणवत नाही? हिशोब करून पाहू. मध्यावरून डायलच्या कडेपर्यंत सेकंद काटा १२ मिलिमीटर लांब धरला, तर त्याचं टोक एका मिनिटात साधारण ७५ मिलिमीटरचा फेरा मारतं. एका सेकंदाला सव्वा मिलिमीटर, आणि एका ठोक्याला जेमतेम ०.१६ मिलिमीटर. दोन-तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल, जवळपास तेवढी ही उडी. हातभर अंतरावरून ती सुटी सुटी दिसत नाही. डोळ्याला भिंग लावून पाहिलं की काट्याची थरथर स्पष्ट दिसते. भारी घड्याळ पहिल्यांदा भिंगाखाली पाहणारी माणसं कधीकधी नाराज होतात. ‘एवढे पैसे देऊनही उड्याच मारतंय?’

पण मशीन सलग का फिरत नाही? पंख्यासारखं?

सलग फिरलं तर चावी अर्ध्या मिनिटात संपेल आणि काटे भिरभिरतील.

चावी दिली की आतली मेन स्प्रिंग गुंडाळली जाते. तिला एकदम सुटायचं असतं. तिचा जोर एकामागे एक लावलेल्या दातेरी चाकांतून पुढे जातो आणि शेवटच्या चाकापाशी येऊन अडतो. या चाकाला एस्केप व्हील म्हणतात. त्याच्यासमोर पॅलेट नावाचा दोन हातांचा पहारेकरी बसलेला असतो. दोन्ही हातांच्या टोकांना माणकाचे खडे असतात. पलीकडे बॅलन्स नावाचं चाक झोके घेत असतं, एकदा इकडे, एकदा तिकडे. दर झोक्याला ते पॅलेटला टिचकी मारतं, एक हात उचलला जातो, एस्केप व्हीलचा दात निसटतो आणि लगेच दुसऱ्या हातावर अडकतो. निसटताना तो बॅलन्सला हलकासा धक्काही देतो, त्यामुळे झोका बंद पडत नाही. कानाला लावल्यावर ऐकू येणारी टिकटिक ही या अडकण्या-सुटण्याची. सेकंद काट्याचा स्वतःचा आवाज नसतो. तो बिचारा चाकांच्या मागे ओढला जातो, एवढंच.

ही रचना सर्वात आधी इंग्लंडमधल्या थॉमस मज याने १७५५च्या सुमारास केली. आजही जवळपास सगळ्या यांत्रिक मनगटी घड्याळांत तीच आहे, साध्यात साध्या एचएमटीपासून लाखांच्या स्विस घड्याळापर्यंत.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी आणखी थोडं. एस्केप व्हीलला सहसा १५ दात असतात. प्रत्येक दात दोन्ही हातांवर एकेकदा अडतो, म्हणून एका फेऱ्यात ३० ठोके. सेकंदाला ५ ठोके देणाऱ्या घड्याळात मिनिटाला ३०० ठोके झाले, म्हणजे हे चाक मिनिटात दहा फेरे घेतं. त्याच्या अलीकडचं चाक मिनिटात एकच फेरा घेतं आणि सेकंद काटा त्याच्याच हिशोबाने फिरतो. म्हणून पॅलेटपाशी जे घडतं त्याची बारीक नक्कल काट्याच्या टोकावर दिसते. काटा थांबतो, कारण अख्खी चाकांची रांगच दर ठोक्याला थांबते.

कोणत्या घड्याळात किती ठोके?

एचएमटी जनता, आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी असलेलं, तासाला १८,००० ठोक्यांचं. सेकंदाला पाच. सरकारी एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. तेव्हाच्या मशिनींची हीच चाल होती आणि जगभरही बऱ्याच ठिकाणी हीच चालायची. जनताचा काटा नीट पाहिला तर उघड्या डोळ्यांनाही त्याचं ठेचकाळणं दिसतं. आम्हाला ते आवडतं.

सेइको आणि सिटिझनच्या आवाक्यातल्या ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक २१,६००, म्हणजे सहा. रोलेक्सच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या १५७० मशिनीत १९,८००, म्हणजे सेकंदाला साडेपाच! अर्धा ठोका कसा, असं विचारू नका. दोन सेकंदांत अकरा होतात, तेवढं ध्यानात घ्या. ओमेगाच्या आजच्या को-ॲक्शियल (अडकण्या-सुटण्याची वेगळी रचना असलेल्या) मशिनी २५,२००च्या, सेकंदाला सात. स्विस घड्याळांत सर्रास दिसणारी ईटीए २८२४ ही मशीन आठाची. झेनिथची एल प्रिमेरो १९६९ सालापासून दहाची. रोलेक्सने २०२५ साली काढलेलं लँड-ड्वेलरही दहाचं. त्याच्या पुढचे प्रकारही आहेत. ब्रेगेने सेकंदाला वीस ठोक्यांचं घड्याळ केलं आहे. पण ते आमच्या काउंटरवर कधी आलं नाही आणि इतक्यात येईल असं वाटतही नाही.

माझ्या घड्याळाचे ठोके घरी कसे मोजू?

मोबाइलने. स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेणारा कॅमेरा हवा, तो आता बऱ्याच फोनमध्ये असतो. डायल उन्हात किंवा टेबल लॅम्पखाली ठेवा आणि काट्याचं टोक जवळून चित्रित करा. व्हिडिओ साध्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम असा चालला तर सगळं आठपट संथ होतं. मग आठ सेकंद मोजा. त्या आठ सेकंदांत काट्याने जितक्या उड्या मारल्या, तितके तुमच्या घड्याळाचे सेकंदाला ठोके. जनतात पाच मिळतील, साध्या सेइकोत सहा. आठाच्या मशिनीत तर मजा येते. पडद्यावरचा काटा भिंतीवरच्या सेलच्या घड्याळासारखा बरोब्बर सेकंदाला एक उडी मारतो. ज्या सरकण्यासाठी पैसे मोजले, ते आठपट संथ केलं की नुसती टिकटिक उरते.

‘काटा सरकस म्हनजे असली शे’, असं दुकानदाराने सांगितलं. विश्वास ठेवू?

नको.

ही खूण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी थोडीफार चालायची, कारण तेव्हाच्या नकली घड्याळांत सर्रास सेलचं मशीन टाकलेलं असायचं. आता नकली घड्याळातही ऑटोमॅटिक मशीन येतं. काटा सरकतो, मागची काच लावलेली असते, आत रोटर, म्हणजे चावी भरणारं वजन, गरगर फिरताना दिसतो. काही नकलांचे ठोकेही अस्सलाएवढेच, सेकंदाला आठ. गेल्या वर्षी चोपड्याकडचे एक आप्पा मुलीच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी घेतलेलं घड्याळ घेऊन आले. विकणाऱ्याने काटा दाखवूनच खात्री पटवली होती. आम्ही मागचं झाकण उघडलं आणि आप्पांना आधी पाणी दिलं.

उलटंही होतं. अस्सल असून टिकटिकणारी रोलेक्सही आहेत. १९७७ पासून पुढे वीसेक वर्षं त्यांनी ऑयस्टरक्वार्ट्झ नावाची सेलची घड्याळं विकली. सेकंदाला एक उडी, आवाज ठणठणीत. आणि १९५४ साली त्यांनीच सेल नसलेलं, पूर्ण यांत्रिक, तरीही सेकंदाला एकच उडी मारणारं ट्रू-बीट काढलं. एखाद्या जुन्या घरातून असं घड्याळ निघालं आणि शेजाऱ्याने ‘टिकटिकतंय, म्हणजे डुप्लिकेट’ म्हणून मातीमोल भावात घेतलं, तर तो शेजारी जन्मभर हसेल.

अस्सल ओळखायचं तर मशीन बघा, त्यावरचं कोरीव काम, क्रमांक, बाहेरच्या धातूच्या केसची धार, कागदपत्रं. काटा सगळ्यात शेवटी.

थांबा. यांत्रिक घड्याळ मुद्दाम टिकटिकणारं? असं कोण करेल?

आमचा सगळ्यात आवडता प्रश्न. सविस्तर सांगतो, चहा घ्या.

याला इंग्रजीत डेडबीट म्हणतात. फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘मेलेला सेकंद’. आपल्याकडे जावयाला देताना हे नाव कोणी मोठ्याने घेऊ नये. काटा सेकंदभर निपचित पडून राहतो आणि एकदम पुढच्या खुणेवर उडी मारतो.

कल्पना सेलच्या घड्याळापेक्षा दोनशे वर्षांनी जुनी. जिनेव्हाच्या झाँ-मोईझ पूझे याने १७७६ साली खिशातल्या घड्याळात सेकंदासाठी स्वतंत्र चाकांची रांगच बसवली होती. त्या काळी याला उपयोग होता. वैद्य रुग्णाची नाडी मोजायचे, खगोलवाले तारा दुर्बिणीतल्या रेषेवरून कधी गेला ते टिपायचे. ज्याला ‘एक, दोन, तीन’ मोजायचं आहे त्याला थरथरता काटा काय कामाचा? खुणेवर उभा राहणारा हवा.

विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात, ही हौस मनगटावर आली. रोलेक्सचं ट्रू-बीट, ओमेगाचं सिंक्रोबीट. मशीन आतून नेहमीसारखं सेकंदाला पाच ठोके देतं. पण सेकंद काट्याच्या वाटेवर एक जादा बारीक स्प्रिंग आणि एक छोटा अडसर बसवलेला असतो. पहिल्या चार ठोक्यांचा जोर स्प्रिंग साठवते, पाचव्याला अडसर उघडतो आणि काटा साठवलेलं सगळं एकदम खर्च करून एक सेकंद पुढे जातो. मापात मूठमूठ दाणे साठवून एकदम ओतावेत तसं.

मग १९६९ च्या नाताळात सेइकोने ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सेकंदाला एक उडी ही स्वस्त घड्याळाची ओळख झाली. ज्या टिकटिकीसाठी कारागिराने जादा सुटे भाग घासून बसवले, ती आता ट्रेनमध्ये विकल्या जाणाऱ्या घड्याळातही फुकट मिळू लागली. डेडबीटचा धंदा तिथेच बसला. यांत्रिक घड्याळ घेणाऱ्याला उलट ‘सरकणारा’ काटा हवा झाला, म्हणजे चारचौघांत कळावं की आत सेल नाही.

आता शहाणी मंडळी पुन्हा मागे फिरली आहेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनेफेल्ड बंधूंनी २०१० साली वन हर्ट्झ काढलं, त्यात सेकंदासाठी चाकांची वेगळी रांग आहे, पूझेच्याच वाटेने. जेजर-लकूल्त्रने २०१५ साली जिओफिजिक ट्रू सेकंड आणलं, जर्मनीच्या ए. लांगे उंड झोनेने २०१६ साली रिचर्ड लांगे जंपिंग सेकंड्स. लांगेच्या घड्याळात दर सेकंदाला भरून रिती होणारी एक छोटी स्प्रिंग बॅलन्सला कायम सारखाच जोर पुरवते. मोठी स्प्रिंग संपत आली तरी झोका कमी होत नाही. म्हणजे टिकटिक नुसती हौस नाही, तिच्या मागच्या यंत्राने अचूकताही वाढते.

या घड्याळांच्या किमती ऐकल्या तर रावेरला केळीचा बाग घ्यावा की घड्याळ, असा प्रश्न पडेल. आणि मनगटावर घालून भर चौकात गेलात तर समोरचा म्हणेल, सेलचं दिसतंय. आमच्या मते यातली खरी श्रीमंती हीच. कोणाला कळावं म्हणून ते घेतलेलं नसतं.

जुन्या डेडबीट घड्याळांबद्दल एक इशारा. ज्याला हा प्रकार माहीत नाही असा दुरुस्तीवाला ‘काटा अडकतोय’ म्हणून तो जादा अडसर काढून टाकू शकतो. काटा छान सरकू लागतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि घड्याळाची निम्मी किंमत कचऱ्याच्या डब्यात जाते.

मग खरोखर सलग, एकही थांबा न घेता सरकणारा काटा कुठेच नाही?

आहे. सेइकोचं स्प्रिंग ड्राइव्ह.

योशिकाझू अकाहाने या त्यांच्या अभियंत्याने १९७७ साली या कल्पनेवर काम सुरू केलं. पहिली घड्याळं विकायला यायला १९९९ उजाडलं. यात चावी आहे, मेन स्प्रिंग आहे, चाकं आहेत, सेल मात्र नाही. पॅलेट आणि झोका घेणारा बॅलन्सही नाहीत. त्यांच्या जागी एकाच दिशेला सेकंदाला आठ फेरे घेणारं एक चाक आहे. ते फिरताना स्वतःच थोडीशी वीज तयार करतं. त्या विजेवर क्वार्ट्झ आणि चिप चालतात, आणि चिप चुंबकाने ब्रेक लावून चाकाचा वेग धरून ठेवते. अडकणं-सुटणं कुठेच नाही. त्यामुळे काटा चारीतल्या पाण्यासारखा वाहतो. भिंगातून पाहा, स्लो-मोशनमध्ये पाहा, थांबा सापडणार नाही. साधारण मशिनीत महिन्याला १५ सेकंदांच्या आतबाहेर एवढाच फरक.

आत चिप आहे म्हणून कट्टर लोक याला ‘खरं यांत्रिक’ मानत नाहीत. आमच्याकडे नाशिकहून एक डॉक्टर सर्व्हिसिंगबद्दल विचारायला असं घड्याळ घेऊन आले होते. (कंपनीकडेच पाठवा, असं सांगितलं. आमच्या बाकड्यावर हे काम होत नाही.) पाच मिनिटं आम्ही दोघं कारागीर नुसता काटा बघत बसलो. टिकटिक ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो निःशब्द काटा जरा भुतासारखा वाटतो.

त्याच्याही आधी, १९६० साली, बुलोव्हाचं अक्युट्रॉन आलं होतं. त्यात सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा छोटा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन दांड्यांचा धातूचा चिमटा होता. कानाला लावलं की टिकटिकीऐवजी भुंग्यासारखा गुणगुणाट. उड्या इतक्या बारीक की काटा सलगच दिसतो.

सेलवर चालणारं, पण सरकणारं घड्याळ मिळतं का?

मिळतं. बुलोव्हाच्या प्रिसिजनिस्टचा काटा सेकंदाला सोळा उड्या मारतो. सेइकोच्या काही सेलच्या मशिनींत सेकंदाला चार. भिंतीवरच्या ‘सायलेंट’ घड्याळांत मोटर सलग फिरते, रात्री आवाज नको असणाऱ्यांसाठी तेच घ्या. सेल मात्र लवकर संपतो.

जास्त ठोके म्हणजे जास्त अचूक?

तत्त्वतः हो. भराभर झोके घेणाऱ्या बॅलन्सला मनगटाच्या धक्क्याने कमी फरक पडतो, जसा जोरात फिरणारा भोवरा ढकलला तरी लवकर पडत नाही. पण किंमत मोजावी लागते. २८,८०० ठोक्यांचं घड्याळ वर्षात पंचवीस कोटींहून जास्त ठोके देतं. वेग वाढला की झीज वाढते, तेल लवकर उडतं, स्प्रिंग जास्त जोराची लागते. रोलेक्सने १९८८ साली आपल्या डेटोना घड्याळासाठी झेनिथची दहा ठोक्यांची एल प्रिमेरो घेतली आणि ती बदलून आठावर आणली. ओमेगानेही को-ॲक्शियल सुरुवातीला आठावर काढलं, मग सातावर उतरवलं. वेग कमी करणारे हे लोक अडाणी नाहीत.

पाच ठोक्यांचं साफ केलेलं, नीट लावलेलं एचएमटी, दहा ठोक्यांच्या वर्षानुवर्षं न उघडलेल्या भारी घड्याळापेक्षा चांगली वेळ दाखवतं. हे आम्ही रोज पाहतो.

आपल्याकडच्या उन्हाचा काही परिणाम होतो का? मे महिन्यात घड्याळ पुढे-मागे जातंय.

स्विस क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या घड्याळाची, अधिकृत चाचणी ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअसला होते. तिथे दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे त्यांचं सगळ्यात कडक ऊन ३८! भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ३८ म्हणजे आपल्याकडची बरी संध्याकाळ.

मनगटावर असेपर्यंत काळजी नको, तुमचं अंगच घड्याळाला शरीराच्या तापमानाजवळ ठेवतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर, टपरीवर, पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवू नका. उन्हापेक्षा मोठा शत्रू धूळ आणि कापसाची तुसं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एका दादांचं घड्याळ दर पावसाळ्याआधी बंद पडायचं. उघडलं की चाकात हमखास एक पांढरा धागा. त्यांना आम्ही कामावर घड्याळ खिशात, रुमालात ठेवायला सांगितलं.

अचानक दिवसाला मिनिट-दोन मिनिटं पुढे जाऊ लागलं तर बहुधा चुंबक लागलेला असतो. स्पीकर, मोबाइलचं चुंबकी कव्हर, पर्सचं बटण. दुकानात एका मिनिटात उतरतो. त्यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे कोणी मागितले तर उठून या.

माझ्या सेलच्या घड्याळाचा काटा एकदम दोन सेकंद उडी मारतो. डेडबीट आहे का?

नाही हो. सेल संपत आलाय. पुष्कळ क्वार्ट्झ घड्याळं सेल उतरला की अशी दोन-दोन सेकंदांची उडी मारून सांगतात. सौरऊर्जेवरच्या घड्याळांतही हीच खूण असते, त्यांना दिवसभर उजेडात ठेवा.

ऑटोमॅटिकचा काटा मध्येच क्षणभर थबकतो आणि मग पळतो. बिघडलंय?

प्रत्येक वेळी नाही. काही मशिनींत मधला सेकंद काटा मुख्य रांगेतून थेट चालत नाही, बाजूच्या चाकावरून वळसा घेऊन चालतो. सिटिझनच्या मियोटा ८२१५ मध्ये असंच आहे. दातांमधल्या मोकळ्या जागेमुळे, हात झटकला की काटा क्षणभर अडखळतो. वेळ बरोबर असेल तर दुर्लक्ष करा. वेळही मागे पडत असेल तर आणा.

सेलच्या काट्याचं टोक खुणेवर नेमकं बसत नाही. कंपनीची चूक?

काटा बसवताना किंवा डायल छापताना राहिलेला फरक. स्वस्त घड्याळात सोडून द्या. भारी सेलच्या घड्याळात मात्र हक्काने तक्रार करा. यांत्रिक घड्याळात हा प्रश्नच येत नाही, तिथे काटा खुणेवर इतका कमी वेळ थांबतो की तुम्हाला भांडायला फुरसतच मिळत नाही.

स्टेशनवरच्या मोठ्या घड्याळाचा काटा सरकत येतो आणि वर जाऊन थांबतो, असा व्हिडिओ पाहिला. ते काय?

ते स्विस रेल्वेचं घड्याळ. हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ साली बनवलं. सेकंद काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरा संपवून बाराच्या खुणेवर उभा राहतो. मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा इशारा आला की मिनिट काटा उडी मारतो आणि सेकंद काटा पुन्हा निघतो. सगळ्या स्टेशनांवरची मिनिटं एकदम पडावीत म्हणून. भुसावळहून सुटणाऱ्या गाड्यांना हे दाखवलं पाहिजे, असं आमचे रेल्वेतले गिऱ्हाईक म्हणतात. आम्ही नाव सांगणार नाही, त्यांची अजून नोकरी आहे.

शेवटी, घ्यायचं कोणतं?

वेळ पाहायचं आहे, विसरून जायचं आहे, तर सेलचं घ्या. टिकटिकीची लाज बाळगू नका, दिवसाच्या अचूकतेत ते बहुतेक यांत्रिक घड्याळांना मागे टाकतं.

मशिनीची हौस आहे आणि बजेट बेताचं, तर जुनं एचएमटी शोधा. सरकारने २०१६ साली एचएमटीच्या घड्याळ विभागाला कुलूप लावायला मंजुरी दिली, तेव्हापासून जुन्या घड्याळांच्या मागे लोक लागले आहेत. त्यामुळे नवी डायल छापून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेला मालही भरपूर फिरतो. फार चकचकीत, भडक रंगाची डायल दिसली की सावध व्हा. त्याआधी घरातली पेटी, आजीचा डबा, देवघरामागचं कपाट उघडून पाहा. आमच्याकडे आलेली निम्मी चांगली घड्याळं तिथूनच निघालेली आहेत.

भारी घ्यायचं असेल तर दुकानात काटा बघून ठरवू नका. घड्याळ कानाला लावा, चावी देऊन बघा, दर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंगला किती लागतील आणि ते कुठे होईल ते विचारा. जळगावात होईल की मुंबईला पाठवावं लागेल, हेही.

आणि बंद पडलेलं घड्याळ दाखवायला आणणार असाल तर आधी घरी चावी देऊन हलवून बघू नका. सुकलेल्या तेलात जोर लावला की चाकांच्या बारीक टोकांची झीज होते. रुमालात गुंडाळून, आहे तसंच आणा. सोमवारी दुकान बंद असतं.